तीन वाजताचं स्वेटर

३० ऑगस्ट २०२०, रविवार. नावन, आयर्लंड

उद्या या गावातली सगळी मुलं शाळेत जाणार आणि आमची मुक्ता जाणार नाही! लिहितानाही अंगावर काटा येतोय. आनंदाचा.

रविवारच्या ऑनलाइन बैठकीत (घरीच मुलांना शिकवणारे आम्ही दहा-बारा आईबाप असतो) गॉलवेच्या नोराबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहा. रात्री स्वतःला विचारा, आज मी जे केलं ते ठरवून केलं, की नुसतं होत गेलं? मला प्रश्न इतका आवडला की मी लगेच जाऊन ही वही आणली. तर उत्तर : ठरवून! आयुष्यात पहिल्यांदा सगळं ठरवून!

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुक्ताला मी घरी शिकवायला लागलो आणि मला नवाच जन्म मिळाला. जूनमध्ये माझं कंत्राट संपलं. पुण्यातला मित्र म्हणाला, अरेरे. मी म्हटलं, अरेरे काय, वेळ मिळाला! सुचित्रा सकाळी सहाला गाडी काढून ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात लॅबला जाते, तिला या वर्षी श्वास घ्यायलाही फुरसत नाही. घरी मी आणि आठ वर्षांची मुक्ता. आणखी काय हवं?

सुचित्राची अट आहे. "नाताळपर्यंत," ती म्हणाली. "मुख्याध्यापक बाई तोवर तिची जागा ठेवणार आहेत. घरचं शिक्षण तपासणाऱ्या सरकारी असेसरनं हो म्हटलं, आणि मुक्ता खूश असली, तर पुढे बघू. नाहीतर जानेवारीत गुपचूप शाळा. आणि आप्पांना तू सांगायचं. मी नाही सांगणार."

आप्पा म्हणजे माझे वडील, बाळासाहेब. फलटणला आयुष्यभर शिक्षक, शेवटची बरीच वर्षं मुख्याध्यापक. मी त्यांच्याच शाळेत शिकलो. शाळेच्या आवारात त्यांना 'सर' म्हणायचं आणि घरी 'आप्पा'. येताना आम्ही दोघं बरोबर चालत यायचो, पण सरांचे आप्पा रस्त्यात नेमके कुठे होतात हे मला कधीच कळलं नाही, म्हणून मी घर येईपर्यंत बोलायचोच नाही.

सांगेन त्यांना. गणपती उठू देत.

२ सप्टेंबर

पहिले तीन दिवस झकास. काल भिंतीवर आयर्लंडचा नकाशा लावला. आज बॉइन नदीच्या काठानं चालत गेलो आणि बगळ्याचं चित्र काढलं. मी विषयवार नोंदीही ठेवतोय : चालणं म्हणजे व्यायाम, बगळा म्हणजे विज्ञान, चित्र म्हणजे कला. एका फेरीत तीन विषय!

आप्पांचा व्हिडिओ कॉल त्यांच्या साडेसातला येतो, जेवणाआधी. म्हणजे इथले तीन. काल त्यांनी विचारलं, "काय गं, कशी झाली शाळा?" मुक्तानं माझ्याकडे बघितलं. मी फोनच्या मागून मान हलवली. ती म्हणाली, "गुड." तिथंच संपलं असतं, पण आज ते म्हणाले, "गणवेश बदललास का इतक्यात?" मास्तरांची नजर, कुठं चुकायला! मी कपाटातून गेल्या वर्षीचं मरून स्वेटर काढून दिलं. घालून आली, आप्पा खूश.

खोटं थोडंच आहे. स्वेटर तिचंच आहे.

१२ सप्टेंबर

काळी बोरं! इथे कुंपणाकुंपणाला ब्लॅकबेरी लगडल्यात. आम्ही बादली भरली, वजन केलं, साखरेचं प्रमाण काढलं, मुरंबा केला. तळाला लागला, तेही शिक्षणच.

फ्रिजवर 'आमच्या घराची तत्त्वं' लावली. नोराबाईंचीच कल्पना. जिज्ञासा, दया, धीर, प्रामाणिकपणा, मजा. मुक्तानं रंगवली. प्रामाणिकपणाला निळा रंग देता देता तिनं विचारलं, "बाबा, डझ धिस वन काउंट विथ आप्पा?"

काय प्रश्न आहे! शाळेत असती तर सुचला असता का? मी समजावलं की मोठ्या माणसांना उगाच काळजी वाटू नये म्हणून काही गोष्टी योग्य वेळी सांगायच्या असतात. ती म्हणाली, "ओके, ग्रँड," आणि निळा रंग बाजूला ठेवून 'मजा' रंगवायला घेतली. प्रामाणिकपणा अर्धा निळा राहिलाय. उद्या करेल पूर्ण.

२० सप्टेंबर

सुचित्रानं आज पुन्हा विचारलं. मी सांगितलं, पितृपक्ष होता, त्यात असली बातमी द्यायची नसते, आणि परवापासून अधिक महिना लागलाय.

"तू कधीपासून पंचांग बघायला लागलास?" ती म्हणाली. "आप्पा आपल्या लग्नाचा मुहूर्त काढायला निघाले, तर तू म्हणे रजिस्टर लग्न करू."

मी म्हटलं, आप्पा मानतात, त्यांच्यासाठी. ती हसली नाही. लॅबमधून आली की ती थकलेली असते. दहीभात खाऊन झोपली.

९ ऑक्टोबर

विलक्षण दिवस! मुक्ताचे सतरापर्यंतचे पाढे झाले. मी सांगितलं नव्हतं, तिनंच ठरवलं. संध्याकाळी अंघोळीतसुद्धा पुटपुटत असते. सतरा नवे एकशे त्रेसष्ट, नाही, एकशे त्रेपन्न! (मीच चुकलो, तिनं दुरुस्त केलं.)

झोपताना म्हणाली, "बाबा, इफ आय नो ऑल ऑफ देम, विल दे टेक मी?"

कुठली तरी गणिताची स्पर्धा डोक्यात असणार. मी म्हटलं, "घेतील म्हणजे काय, हात जोडून घेतील!" तिनं डोळे मिटले आणि अठरा एके अठरा सुरू केलं. अशी भूक मी कुठल्या मुलात पाहिली नाही. आप्पांना हे सांगता आलं असतं तर!

दुपारी शेजारची ईफा खेळायला बोलवायला आली होती, ती मुक्ताच्याच वर्गातली. मुक्ता वर जाऊन पलंगाच्या पलीकडे जमिनीवर बसली होती, आली नाही. वाचनात इतकी बुडालेली. मी ईफाला सांगितलं, नंतर ये. लक्ष लागलंय तर तोडू नये.

आज मी मुलाचं ऐकलं का? हा नोराबाईंचा या आठवड्याचा प्रश्न. हो. दिवसभर ऐकतोय.

२ नोव्हेंबर

आज थोडक्यात बचावलो, आणि वाचवलं पोरीनं!

२५ ऑक्टोबरच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली. मागचा आठवडा मिड-टर्मच्या सुट्टीचा होता म्हणून काही जाणवलं नाही. आज दोनला आम्ही चपात्यांच्या पिठाचे डोंगर आणि दऱ्या करत होतो आणि फोन वाजला. आप्पांचे साडेसात आता इथल्या दोनला येतात! शाळा सुटायला अर्धा तास बाकी आणि नात घरात, कोपरापर्यंत पीठ! मी आपला फोनकडे बघत उभा. मुक्तानं हात धुतले, स्वेटर अडकवलं आणि स्वतः फोन घेतला.

"अगं, आत्ता कशी घरी?" आप्पा म्हणाले.

"हाफ डे, आप्पा," ती म्हणाली. डोळ्याची पापणी हलली नाही.

मी तिला नंतर मिठीच मारली. काय हजरजबाबीपणा! ती म्हणाली, "कॅन आय टेक इट ऑफ नाऊ?" आणि स्वेटर काढून खुर्चीवर टाकलं. मग डोंगर करायला काही आली नाही, पोटात दुखतंय म्हणाली. मी ओवा दिला.

आप्पांना कळवलं की इथे आता शाळेची वेळ बदललीये, तासाभरानं फोन करत जा. बरं म्हणाले.

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आज सांगणार होतो. देवाशपथ. ओळी पाठ केल्या होत्या. पण फोन लागताच आप्पा म्हणाले, मुक्ताच्या शाळेबद्दल त्यांनी कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलंय, तिथे पोरांना मारत नाहीत, बाकावर उभं करत नाहीत, हे ऐकून म्हातारे थक्क झाले. "आपली पोरगी तिथे शिकते," ते म्हणाले.

दिवाळीच्या दिवशी कसं सांगणार?

सुचित्रानं करंज्यांचं ताट माझ्यापुढे ठेवलं. "तुळशीच्या लग्नाचाही मुहूर्त बघून ठेव," एवढंच म्हणाली.

३० नोव्हेंबर

आठ तारखेला असेसर! व्हिडिओवर. नाव ग्रॉन्या. मला झोप येत नाहीये, इतका उत्साह आहे. सगळ्या नोंदी, फोटो, पाढे, मुरंब्याची कृती लावून ठेवली.

एक गोष्ट राहिलीच लिहायची. मुक्ता गेला महिनाभर नदीकाठच्या पायऱ्यांवर खडूनं रेघा मारतेय. पाणी कुठवर आलं त्या. मला वाटायचं टंगळमंगळ, कारण आमच्या वेळापत्रकात तेव्हा इंग्रजी असतं. काल कळलं की तिला पाऊस आणि पाणी यांचं गणित लावायचंय : पाऊस आज पडला तर नदी आज चढत नाही, उद्या चढते. का? मला माहीत नव्हतं! आम्ही दोघं अर्धा तास पुलावर उभे राहून भांडलो. मजा आली. मग मी ते भूगोलात लिहिलं.

संध्याकाळी मुलाखतीचा सराव घेतला, अगदी कंपनीत घेतात तसा. मी ग्रॉन्या झालो, गळ्यात सुचित्राचा स्कार्फ. "सो मुक्ता, टेल मी अबाउट युवर डे!" मुक्तानं आधी विचारलं, "बाबा, व्हॉट आर वी सेयिंग टू हर? खरं, की आप्पांसारखं?"

"खरं! अर्थात खरं!" मी म्हणालो आणि खूप हसलो. सुचित्रा भांडी लावत होती, ती थांबली. मग पुन्हा लावायला लागली.

८ डिसेंबर

लिहायचं कसं कळत नाही. क्रमानं लिहितो.

ग्रॉन्या साठीची, हसरी बाई, मागे तिच्या घरातलं मांजर. माझ्या नोंदी तिनं भराभर बघितल्या, वा वा म्हणाली. नदीच्या रेघांपाशी थांबली. मुक्ताला खूप विचारलं, मुक्ता खूप बोलली. माझी छाती फुगून शर्टाची बटणं तुटायची बाकी होती.

शेवटी तिनं विचारलं, "घरी शिकताना सगळ्यात अवघड काय वाटतं गं?" मला वाटलं, भागाकार म्हणेल.

मुक्ता म्हणाली, "द जंपर."

इथे स्वेटरला जंपर म्हणतात. आणि तिनं सांगितलं सगळं. रोज तीनला स्वेटर घालायचं. आप्पा शाळेचं विचारतात तेव्हा काय झालं ते आदल्या रात्री बनवून ठेवायचं, कारण ऐनवेळी सुचत नाही. तिनं एक खोटी मैत्रीणही बनवलीये, तिचं नाव लक्षात ठेवायला लागतं. हाफ डे किती वेळा झाला ते मोजायला लागतं. मी हे ऐकत शेजारी बसलो होतो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं ती 'गुड' म्हणते.

ग्रॉन्यानं पेन खाली ठेवलं. "तू घरी शिकतेस हे कुणाकुणाला माहीत आहे, बाळा?"

"ममी अँड बाबा," मुक्ता म्हणाली. "अँड यू."

मग ती माझ्याशी बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "शिकणं ग्रँड चाललंय, मिस्टर प्रताप, त्याची काळजी नको. नोंदणी होईल. पण यात लपवण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. आणि तिलाही ते कळलेलं दिसत नाही."

म्हणजे पास झालो. तीन महिने ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि मी बटाटे सोलत बसलो. सुचित्राला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी नुसती विचारत राहिले तुला. मीच फोन लावायला हवा होता." मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर

आज मीच फोन लावला. मुक्ता शेजारी, साध्या पिवळ्या टीशर्टमध्ये.

"आप्पा," मी म्हणालो, "मुक्ता ऑगस्टपासून शाळेत जात नाही. मी घरी शिकवतो. तुमच्यापासून लपवलं."

त्यांनी आईला टीव्ही बंद करायला सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी एकदम सातवीत.

त्यांनी काही म्हणायच्या आत मुक्ता पुढे झाली. आप्पांशी ती मोडकं का होईना मराठी बोलते. "आप्पा, तुम्ही रागावलात? मी शाळेला एबल नाही म्हणून?"

इथली मुलं एखादी गोष्ट झेपली नाही की असंच म्हणतात, नॉट एबल फॉर इट. आप्पांना शब्द कळला की नाही कोण जाणे, अर्थ कळला. त्यांनी चष्मा काढला.

"कोण म्हणालं तुला असं?"

"कोणी नाही. बट एव्हरीवन वेंट बॅक अँड आय डिडन्ट. आणि बाबा कोणालाच सांगत नाहीत. चांगलं असतं तर सांगतात ना?"

पाढे! ती रात्र रात्र पाढे म्हणत होती ते शाळेनं परत घ्यावं म्हणून. आणि मी म्हणालो होतो, हात जोडून घेतील.

"प्रताप," आप्पा म्हणाले. "ऐकलंस?"

"हो."

"मग उत्तर तू दे तिला. मी ऐकतो."

मी जमिनीवर बसलो, तिच्या उंचीला. काय काय बोललो ते आठवत नाही नीट. म्हणालो, तुझ्यात काही कमी नाही, कधीच नव्हतं. तू घरी आहेस कारण मला तुझ्याबरोबर राहायचं होतं. कंपनीनं मला नको म्हटलं होतं आणि तुझ्यासोबत असलं की मला मी कुणीतरी आहे असं वाटायचं. आणि आप्पांना सांगितलं नाही कारण मी घाबरलो. तू नाही, मी. मला झेपलं नाही ते.

मुक्तानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बट यू'र अ ग्रोन-अप, बाबा," ती म्हणाली. आश्चर्यानं.

आप्पांनी चष्मा पुन्हा लावला. "तू विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणालो असतो. आजही नाहीच म्हणतो. लेकराला चार लेकरांत वाढवावं. पण ते तुझं-माझं भांडण होतं, प्रताप. ते माझ्याशी भांडायचं सोडून तू लेकराला मध्ये उभं केलंस."

"चुकलं, आप्पा."

"चुकलंच. मुक्ता, उद्या मी फोन करतो. स्वेटर घालायचं नाही. थंडी असली तर घाल."

ठेवताना म्हणाले, "ती मैत्रीणही खोटीच असणार, पण तिचं काय झालं पुढे? ती पडली होती ना झोपाळ्यावरून? मला काळजी लागून राहिली होती."

मुक्ता हसली. मग आप्पा हसले. मी आणि सुचित्रा रात्री जेवलोच नाही, नुसते बोलत बसलो. खूप दिवसांनी.

१२ डिसेंबर, शनिवार

काल मी मुक्ताला विचारलं, जानेवारीत शाळेत जायचंय की घरी शिकायचंय?

"आय गेट टु पिक?"

"तूच."

मला वाटलं होतं ती उडी मारेल. तिनं सांगितलं की विचार करावा लागेल, आणि गेली. ऑगस्टपासून मी या वहीत पानंच्या पानं भरली, वेळापत्रकं केली, तत्त्वं चिकटवली, आणि हा एक प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. लाज वाटली. पण त्याहून जास्त, खरं सांगतो, धाकधूक! चाळीस वर्षांच्या माणसाला आठ वर्षांच्या मुलीच्या निकालाची धाकधूक!

आज नाश्त्याला निकाल लागला. उन्हाळ्यापर्यंत घरी. मग सप्टेंबरमध्ये शाळा, कारण चौथीत ईफाबरोबर बसायचंय. नदीचं गणित दोन्हीकडे चालू. "अँड आय'म टेलिंग ईफा मायसेल्फ. यू डोन्ट से एनीथिंग."

सप्टेंबर ऐकून जरा टोचलं. सुचित्रानं टेबलाखाली माझा हात दाबला. मी म्हटलं, मंजूर!

दुपारी ऊन पडलं. मुक्ता मागच्या अंगणात भिंतीवर चढून बसली, पलीकडे ईफा. मी स्वयंपाकघरात कप धुत होतो, खिडकी उघडी होती.

"मी शाळेत येत नाही कारण मी घरी शिकते," मुक्ता तिच्या इंग्रजीत सांगत होती. "कायदेशीर आहे. एक बाई मांजर घेऊन तपासायला आली होती."

"म्हणजे तू आजारी नाहीस?" ईफा म्हणाली.

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"नाही."

"तू म्हणालीस तुला काहीतरी झालंय. माझी ममी रोज रात्री तुझ्यासाठी प्रार्थना करते!"

"मला काही झालं नव्हतं. माझा डॅड माझ्या ग्रँडडॅडला घाबरत होता."

ईफा म्हणाली, "ओ. माझा डॅडपण घाबरतो."

आणि दोघी हसत सुटल्या. मग मुक्तानं ते पुन्हा सांगितलं, या वेळी रस्त्यापलीकडच्या जुळ्यांना, भिंतीवर उभी राहून, हात तोंडाशी धरून. सुचित्रा धावत आली, खिडकी लावू का म्हणाली, सगळी गल्ली ऐकतेय.

मी डोळे पुसत होतो आणि हसतही होतो. म्हटलं, ऐकू दे.